दाढी आलेला किशोर

आज भाच्याच्या कबड्डीच्या मॅचला गेलो होतो. किशोर गट, म्हणजे १६ वर्षांच्या आतली पोरं, वजन ५५ किलोच्या आत. आमचा १४ चा, काडीपैलवान, पण चढाईत त्याचा पाय बघत राहावा. तिसऱ्या चढाईला उजव्या कोपऱ्यातल्या गड्याने घोटा धरला, वर मधला येऊन पडला. पोरगं उठलं ते मान चोळतच. गडग्याशी येऊन हळूच म्हणतं, "मामा, तेची दाढी टोचली मला."

दाढी! किशोर गटात!

पंचांकडे गेलो. "भाऊ, कागद बरोबर आहेत." अहो, कागद बरोबर असणारच! माझाही बरोबर होता.

माझा वाढदिवस १ जून. तुमच्यातल्या निम्म्यांचा १ जूनच आहे आणि का ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मी गुरं राखायचो, शाळेत गेलो ८ व्या वर्षी. गुरुजींनी ६ लिहिले. माझ्या भल्यासाठीच लिहिले, त्यांना दोष नाही. पण १९९३ साली हा १७ वर्षांचा घोडा कागदावर १५ चा होऊन किशोर गटात उतरला. शेजारच्या गावचं एक पोरगं चढाईला आलं. मी कमरेत धरून आपटलं. सुकं फाटं मोडावं तसा आवाज आला. खांद्याजवळचं हाड गेलं होतं त्याचं. ते तांबड्या मातीत विव्हळत होतं आणि आमची वाडी टाळ्या वाजवत होती.

कोणी म्हणेल वजनाची अट आहे ना. आहे! सकाळपासून पेज न पिता, अंगात जर्किन घालून धावून धावून पोरं ५५ वर आणतात. १८ वर्षांच्या हाडाचे ५५ आणि १४ वर्षांच्या हाडाचे ५५ एकच का? क्रिकेटवाले मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतात. गावच्या मंडळाला ते परवडणार नाही, मान्य. पण ज्याची दाढी मैदानाबाहेरून दिसते त्याला एक्स-रे कशाला हवा? डोळे उघडे ठेवा की.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असंही नाही. अमेरिकेत लॅक्रॉस, म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ, खेळणाऱ्या पोरांना काही आईबाप मुद्दाम एकच इयत्ता दोनदा करायला लावतात, कॉलेजच्या निवडीत अंगाने भारी दिसावा म्हणून. तिथे पैसा आहे, इथे दहावीचे क्रीडागुण आहेत. पोरांच्या आड मोठ्यांचीच हाव.

आणि त्या दाढीवाल्यावर माझा राग नाही. लिहिता लिहिता तो उतरला. त्याच्या जागी मी उभा होतो. किशोर गटात मी तीन चषक आणले. खुल्या गटात गेलो तेव्हा कळलं की मला पकड येतच नाही, नुसता जोर येतो. समोर माझ्याएवढे आले आणि दोन वर्षांत माझी कबड्डी सुटली. ज्याचं हाड मोडलं तो तर पुन्हा मैदानात उतरलाच नाही. आता रिक्षा चालवतो, कधी माझ्याकडून जास्त भाडं घेत नाही. मी अजून त्याला माझं खरं वय सांगितलेलं नाही. इथे वाचेल बहुतेक.

संयोजकांनो, आजचा निकाल बदला म्हणत नाही. चषक ठेवा तुमच्याकडे. फक्त पुढच्या स्पर्धेत त्या पोराला त्याच्या गटात खेळवा. तिथे हरला तरी खेळवा.