कानाच्या मशीनसाठी आयफोनच लागतो? अजिबात नाही!

व्हॉट्सअपवर मेसेज फिरतोय की कानाचं मशीन वापरत असाल तर आयफोनच घ्या, अँड्रॉइडवर ते चालतच नाही. हे चुकीचं आहे, आणि यापायी लोक आईवडिलांसाठी ऐपतीबाहेरचा फोन घेतात याचं फार वाईट वाटतं. अँड्रॉइड 10 पासून, म्हणजे 2019 पासून, मशीनला थेट आवाज पाठवायची सोय अँड्रॉइडमध्येच आलीय, फक्त ती सगळ्या मॉडेलमध्ये नसते हे खरंय, म्हणून मशीनच्या कंपनीच्या साइटवर कुठले फोन जुळतात ते आधी बघा. फोनाक कंपनीची बरीच मशीनं तर साध्या ब्लूटूथवरच चालतात. आणि मशीनमध्येच ब्लूटूथ नसेल तर आयफोन घेऊनही आवाज थेट मशीनमध्ये येणार नाही!

अशा वेळी, मशीन कानामागचं असेल तर, फोन कानाच्या भोकाशी नका धरू, मशीनचा माईक कानाच्या वरच्या बाजूला असतो तिथे जरा वर सरकवून धरा, आवाज लगेच सुधारतो. फोन घ्यायला दुकानात मशीन घालूनच जा आणि तिथूनच घरी कॉल लावून बघा, नुसतं गाणं छान ऐकू आलं म्हणजे कॉल पण नीट येईल असं नसतं.