पन्नास हजार किलोमीटर, डॉक्टरची गाडी आणि दिल्लीचा माल

जुन्या गाडीच्या शोधात असलेल्या माणसाच्या मोबाइलवर एक मेसेज हमखास येऊन पडतो: ‘चार-साडेचार लाखांत जोरात पळणारी आणि त्रास न देणारी सेकंडहँड गाडी, सहा नियम’. नियम थोडक्यात असे. पन्नास हजार किलोमीटरच्या वर चाललेली गाडी बघायचीच नाही. फर्स्ट ओनरच घ्यायची, त्यातही डॉक्टरची असेल तर डोळे झाकून. पळायला हवी तर टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) आणि जर्मन, मारुती-होंडात दम नसतो. इंजिन टिकायला हवं तर डिझेल. गाडी दिल्लीहून आणा, लाखभर वाचतात. आणि विम्यावर पन्नास टक्के नो क्लेम बोनस दिसला की गाडी कधी ठोकलेली नाही असं समजा.

यातला एकही नियम धडधडीत थापेबाजी नाही, प्रत्येकात कुठेतरी तथ्य आहे. म्हणूनच तो मेसेज इतका चालतो. पण सहाही नियम गाडी न बघता गाडी निवडायला सांगतात. एकाच महिन्यात, एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या दोन गाड्या दहा वर्षांनी दोन निराळ्या वस्तू झालेल्या असतात, आणि मेसेजमधला नियम त्या दोघींना एकच भाव लावतो.

क्रम सोडून आधी पळण्याचंच घेऊ. लोकांचे पैसे सगळ्यात जास्त तिथेच जातात.

‘पळायला हवी तर टर्बो आणि जर्मन’

आपल्याकडे पळणं म्हणजे नेमकं काय लागतं? शून्य ते शंभर किती सेकंदांत, हा आकडा गप्पांना बरा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर सपाट भागातही कारला शंभरची मर्यादा आहे आणि वर कॅमेरे आहेत. खरी गरज पडते ती उसाच्या हंगामात कराड-सांगलीकडच्या रस्त्यावर, पुढे दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आणि समोरून एसटी येत असताना. तिथे चाळीसवरून ऐंशीवर गाडी किती लवकर जाते, एवढंच बघायचं. आंबोलीच्या किंवा कुंभार्लीच्या चढावर चार माणसं आणि सामान भरून एसी चालू असताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ती धापा टाकते का, हेही.

आता आकडे. मेसेजवाल्यांची लाडकी जर्मन, म्हणजे फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय, २०१३ मध्ये आली. १.२ लिटर टर्बो पेट्रोल, १०५ पीएस ताकद, १७५ एनएम टॉर्क (गाडी ओढणारा जोर), वजन अकराशे किलोच्या आसपास. २०१४ च्या जानेवारीत आलेली होंडा सिटी पेट्रोल टर्बो नसलेली, १.५ लिटर, ११९ पीएस, १४५ एनएम, वजन साधारण साडेदहाशे किलो. २०१८ ची स्विफ्ट पेट्रोल फक्त ८३ पीएस आणि ११३ एनएम, पण वजन नऊशे किलोच्याही आत. टनामागे किती ताकद हा हिशेब मांडला तर सिटी ११० पीएसच्या पुढे जाते, पोलो आणि स्विफ्ट दोघी पंचाण्णवच्या आसपास घुटमळतात. रस्त्यावर मात्र पोलो स्विफ्टला मागे टाकते, कारण तिचा टॉर्क दीड हजार आरपीएमपासूनच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हाताशी असतो. सिटीला तेच काम करायला चार हजारांच्या वर फिरवावं लागतं. ज्यांना लवकर वरचा गिअर टाकायची सवय आहे त्यांना सिटी मंद वाटते आणि ते ‘होंडात दम नाही’ म्हणून मोकळे होतात. एक गिअर खाली घेऊन बघा.

म्हणजे पोलो जीटी पळते, यात वादच नाही. वाद पुढच्या खर्चाचा आहे. या गाडीला सात गिअरचा, आपोआप गिअर बदलणारा, ड्राय (तेलाविना) क्लचवाला डीएसजी गिअरबॉक्स आहे. शहरातल्या रांगत चालणाऱ्या वाहतुकीत तो तापतो, आणि त्याचं मेकाट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा मेंदू आणि हायड्रॉलिक्स एकत्र असलेला भाग, बिघडला की खर्च लाखाच्या घरात जातो. साडेचार लाखांच्या गाडीवर! ज्यांना तीच हवी त्यांनी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हिसका बसतो का, रिव्हर्स टाकल्यावर गाडी उशिराने हलते का, हे गरम इंजिनावर, चढावर आणि गर्दीत बघावं. गल्लीतल्या एका चकरेत हे कळत नाही. बजेट वर ताणता येत असेल तर २०२० नंतरची १.० टीएसआय मॅन्युअल पोलो मला जास्त पटते. ११० पीएस, टॉर्क तेवढाच, आणि क्लच तुमच्या पायाखाली.

दहा-बारा वर्षांची ऑडी-बीएमडब्ल्यू याच पैशांत मिळते हेही खरं. गाडीची किंमत घसरते, तिच्या सुट्या भागांची घसरत नाही. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

आणखी एक गोष्ट मेसेजमध्ये कुठेच नाही. जुनी गाडी ब्रोशरमधल्या आकड्याइतकी पळतच नाही. घासलेली क्लच प्लेट, तुंबलेला एअर फिल्टर, संपलेले प्लग, चार कंपन्यांचे चार टायर, थोडे चिकटलेले ब्रेक: एवढ्यानेच गाडी सुस्त होते. थकलेल्या टर्बोपेक्षा ठणठणीत स्विफ्ट पुढे राहते, आणि ती दुरुस्त करणारा मेकॅनिक तालुक्याच्या प्रत्येक गावात असतो.

‘इंजिन टिकायला हवं तर डिझेल’

डिझेल इंजिनाचा ब्लॉक दणकट असतो, मान्य. पण आजच्या कॉमन रेल (एकाच नळीतून जबर दाबाने इंधन देणाऱ्या) डिझेलमध्ये ब्लॉक क्वचितच दगावतो. दगावतात ते इंधन फवारणारे इंजेक्टर, हाय प्रेशर पंप आणि टर्बो, आणि यातला एकही स्वस्त नाही. पेट्रोल १०४ रुपये आणि १५ चा अॅव्हरेज, डिझेल ९० रुपये आणि १९ चा अॅव्हरेज असं धरलं तर किलोमीटरमागे सव्वादोन रुपयांच्या आसपास फरक पडतो. महिन्याला पाचशे किलोमीटर फिरणाऱ्याचे वर्षाला तेरा हजार वाचले. इंजेक्टरच्या एका कामात ते जातात. महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर फिरत असाल तर डिझेल जरूर घ्या, गणित तुमच्या बाजूने आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यामुळे जुन्या पेट्रोल गाडीचा अॅव्हरेज थोडा खाली येतो, तेही हिशेबात धरा. अशा गाडीचे इंधनाचे रबरी पाइप आणि पंप एकदा बघून घ्या.

पळणारं डिझेल हवं तर मेसेजमध्ये सुचवलेली स्विफ्ट डिझेल माझी पहिली निवड नाही. तिचं १.३ लिटरचं, मूळ फियाटचं इंजिन विश्वासू आहे, पण ७५ पीएस आणि १९० एनएम, शिवाय दोन हजार आरपीएमच्या खाली ते झोपलेलं असतं. ओव्हरटेकला नेमकं तेव्हाच हवं असतं. फोर्ड फिगोचं १.५ डिझेल १०० पीएस आणि २१५ एनएम देतं. ‘फोर्ड तर पळून गेली’ म्हणून तिचे भाव पडलेले आहेत. कंपनीने २०२१ च्या सप्टेंबरमध्ये भारतातलं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली, साणंदचा कारखाना २०२३ मध्ये टाटांकडे गेला, हे खरं. पण सर्व्हिस आणि पार्ट चालू ठेवले आहेत. तुमच्या जिल्ह्यात सर्व्हिस सेंटर किंवा फोर्डचं काम जाणणारा मेकॅनिक आहे का, हे आधी बघा. नसेल तर सोडून द्या. असेल तर या बजेटमध्ये हीच खरी पळणारी डिझेल. तिला टायमिंग बेल्ट आहे, तो बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर बेल्टचा खर्च किमतीतून वजा करा.

‘पन्नास हजारांच्या वर नको’

दहा वर्षांची गाडी आणि मीटरवर अडतीस हजार. मेसेजच्या नियमाने ही उत्तम. माझ्या हिशेबाने हिच्याकडे सगळ्यात जास्त संशयाने बघायचं. घरगुती गाडी वर्षाला दहा-बारा हजार सहज चालते. तेव्हा एकतर मीटर फिरवलेलं आहे (डिजिटल मीटर मागे घेणं अवघड नाही आणि महागही नाही), किंवा गाडी महिनोन्‌महिने उभी होती. उभ्या गाडीचे टायर कडक होतात, रबर सील सुकतात, ब्रेक डिस्कला गंज धरतो. याउलट हायवेवर चाललेले एक लाख किलोमीटर आणि दर दहा हजारांना ऑइल बदललेलं, अशी सिटी किंवा स्विफ्ट मी नक्की बघेन.

खरे किलोमीटर शोधायचे तर मीटर सोडून सगळीकडे बघा. मालकाला बरोबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा इतिहास काढा. ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगची चकाकी, ड्रायव्हर सीटची उजवी कड बघा. टायरवरचा चार आकडी कोड वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीस हजार चाललेल्या २०१५ च्या गाडीवर टायरचा दुसरा सेट कशाला, एवढं विचारलं तरी विकणाऱ्याचा चेहरा बोलतो.

‘फर्स्ट ओनर, डॉक्टरची असेल तर उत्तमच’

कितवा मालक हे सरकारच्या वाहन पोर्टलवर दिसतं, त्यासाठी कुणाच्या शब्दावर जायला नको. बिलं जपणारा दुसरा मालक बेफिकीर पहिल्यापेक्षा बरा. आणि डॉक्टरची गाडी? घरापासून दवाखाना दोन किलोमीटर, दिवसातून चार वेळा स्टार्ट, इंजिन कधी पूर्ण तापतच नाही. इंजिनाला यापेक्षा वाईट दिनक्रम क्वचितच असेल. डॉक्टरांनी राग मानू नये.

‘दिल्लीहून आणा’

तिथे गाड्या स्वस्त का, हे मेसेज सांगत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. म्हणून आठ-नऊ वर्षांची डिझेल तिथे मातीमोलाने निघू लागली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याच न्यायालयाने अशा मालकांवर सक्तीची कारवाई करू नका असं सांगितलं, डिसेंबरमध्ये ती सवलत बीएस-४ (प्रदूषणाचा निकष) आणि त्यानंतरच्या गाड्यांपुरती ठेवली, तेव्हा ती जुनी घाईसुद्धा आता पूर्वीसारखी गृहीत धरता येत नाही.

आता वाचलेला लाख कुठे जातो ते बघा. तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत पत्र), त्यासाठी फॉर्म २८. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरवायला फॉर्म ३५. महाराष्ट्रात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावाच लागतो, आणि त्यासोबत इथला एकरकमी रोड टॅक्स. नव्या गाडीला पेट्रोलसाठी ११ आणि डिझेलसाठी १३ टक्क्यांपासून सुरू होणारा हा कर जुन्या गाडीला वयानुसार कमी होऊन लागतो, पण लागतो. वर गाडी आणायचा खर्च आणि एजंटची फी. एवढं करून गाडी बघितलेली असते ती फोटोत. सकाळी थंड इंजिन सुरू करून निळा धूर येतो का, हे व्हिडिओ कॉलवर कळत नाही. कळू नये म्हणून इंजिन आधीच गरम करून ठेवणारे महाभाग पुण्यातही आहेत, मग तिथे का नसावेत?

दिल्लीच्या गाडीची एक जमेची बाजू मात्र मेसेजवाल्याने सांगितलीच नाही: तिला खारा वारा लागलेला नसतो. मुंबई, रत्नागिरी, गोव्याकडची गाडी असेल तर ती लिफ्टवर चढवून खालचा पत्रा आणि दाराखालच्या पट्ट्या बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

‘नो क्लेम बोनस म्हणजे अपघात नाही’

नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. पाच वर्षं क्लेम केला नाही की तो पन्नास टक्क्यांवर जातो. त्यातून एवढंच कळतं की मालकाने विम्याचे पैसे घेतले नाहीत. बंपर, बॉनेट, अॅप्रनचं (बॉनेटखालच्या आतल्या पत्र्याचं) काम रोखीने करून घेतलं असेल तर विमा कंपनीला पत्ताच नसतो. तो बोनस तुम्हाला मिळणारही नाही, मालक आपल्या पुढच्या गाडीला घेऊन जातो. पॉलिसी चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या, नाहीतर तुमच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम अडतो.

अपघात शोधायचा तर बॉनेट उघडा आणि अॅप्रन, पिलर, डिकीखालचा फ्लोअर बघा. कंपनीचे स्पॉट वेल्ड (पत्र्याच्या जोडाचे ठिपके) गोल आणि सारख्या अंतरावर असतात, गॅरेजचे नसतात. त्याहून घातक पुराची गाडी. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, २०२१ मध्ये चिपळूण. पाण्याखाली गेलेल्या गाड्या टोटल लॉस (दुरुस्ती परवडणार नाही अशा) ठरून लिलावात जातात आणि त्यातल्या काही धुऊनपुसून बाजारात परत येतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, कार्पेट उचला, स्टेपनीच्या खळग्यात बोट फिरवा. गाळ सगळीकडून धुता येत नाही.

राहता राहिला मेसेजच्या शेवटी दिलेला भावांचा तक्ता. साडेचार लाख हातात असतील तर गाडी पावणेचारच्या आतली बघा. उरलेल्यातून ट्रान्सफर, विमा, टायर, सगळी ऑइलं, आणि पहिल्या तीन महिन्यांत निघणारी सस्पेन्शनची कामं होतील. तो तक्ता तर मोडीतच काढा, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा कर सेससह २९ टक्क्यांवरून १८ वर आला, नवीच स्वस्त झाली. विकणारा जुना भाव धरून बसला असेल तर त्याच मॉडेलच्या नव्या गाडीचं आजचं ऑन-रोड कोटेशन बरोबर घेऊन जा आणि बोलणी तिथून सुरू करा.