खिशातल्या टॉर्चमधील सेलबाबत खुलासा

‘अल्कलाइन सेलवर दहा वर्षांची मुदत छापलेली असते, तेव्हा तो बोटाएवढ्या टॉर्चमध्ये घालून आपत्कालीन संचात खुशाल ठेवून द्यावा’ असा जो सल्ला फिरत आहे, तो अर्धाच खरा आहे. ही मुदत न वापरलेल्या, सुट्या सेलची असते. टॉर्चमध्ये बसवलेला सेल, विशेषतः बटण इलेक्ट्रॉनिक असल्यास, टॉर्च बंद असतानाही किंचित खर्च होत राहतो आणि पुढे त्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साइड हे आतले दाहक रसायन पाझरून स्प्रिंगवर पांढरी पूड धरते. संचासाठी १.५ व्होल्टचा, पुन्हा चार्ज न होणारा ‘एएए’ (बारीक पेन्सिल सेलच्या) मापाचा लिथियम सेल घ्यावा. तो महाग पडतो खरा, पण हलका असतो आणि सहसा गळत नाही. मात्र दिसायला तसाच असलेला ३.७ व्होल्टचा, पुन्हा चार्ज होणारा लिथियम-आयन सेल, टॉर्चच्या माहितीपत्रकात स्पष्ट मुभा नसल्यास, त्यात घालू नये.