मिथेनॉलमधला कार्बन उत्प्रेरकाने नाहीसा होत नाही

'नव्या उत्प्रेरकामुळे मिथेनॉलपासून शंभर टक्के स्वच्छ हायड्रोजन मिळतो, उत्प्रेरक खर्च होत नसल्याने तो एकदाच बसवावा लागतो आणि हा हायड्रोजन थेट गाडीला चालतो,' असा मजकूर सध्या पुण्यात मोबाइलवरून मोबाइलवर फिरतो आहे. ज्या शहरात 2022 मध्ये केपीआयटी ही खासगी कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांनी विकसित केलेली हायड्रोजन बस लोकांसमोर आली, तेथे तरी हे दावे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नयेत.

यांपैकी पहिला दावा सर्वांत गंभीर आहे. मिथेनॉल या द्रव अल्कोहोलच्या एका रेणूची पाण्याच्या एका रेणूशी अभिक्रिया झाली की हायड्रोजनचे तीन आणि कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू तयार होतो. वजनात मांडायचे तर 6 ग्रॅम हायड्रोजनमागे 44 ग्रॅम, म्हणजे किलोमागे सुमारे 7.3 किलो कार्बन डायऑक्साइड. उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो, ती कमी तापमानाला घडवून आणतो, नको असलेल्या उपपदार्थांना आवर घालतो. पण कार्बनचा अणू नाहीसा करणे त्याच्या हाती नाही. जर्मनीत रसायनशास्त्रज्ञ मॅथियास बेलर यांच्या गटाने 2013 मध्ये रुथेनियम या धातूच्या संयुगाच्या साहाय्याने हीच अभिक्रिया 100 अंश सेल्सिअसखाली घडवली. ते काम खरोखर मोलाचे आहे, परंतु कार्बनचा हिशेब तेथेही तोच राहतो. भारताने ऑगस्ट 2023 मध्ये हरित हायड्रोजनसाठी किलोमागे 2 किलो कार्बन डायऑक्साइडची मर्यादा ठरवली, आणि जगातले बहुतेक मिथेनॉल आजही नैसर्गिक वायू व कोळशापासूनच बनते. शेतातल्या काडीकचऱ्यापासून मिथेनॉल बनवले तर चित्र पालटू शकते. मात्र त्याचे श्रेय मिथेनॉलच्या उगमाला जाईल.

अभिक्रियेत खर्च न होणे म्हणजे कधीच न बिघडणे नव्हे. तांबे, झिंक ऑक्साइड आणि अॅल्युमिना यांचा प्रचलित उत्प्रेरक साधारण 200 ते 300 अंशांत काम करतो; त्याहून अधिक तापला की तांब्याचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, आणि गंधक किंवा क्लोरीनच्या अल्प अंशानेही तो निकामी होतो.

थेट गाडीत वापरण्याचा दावाही टिकत नाही. या प्रक्रियेत थोडा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि तो गाडीच्या इंधनघटातल्या (हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या भागातल्या) प्लॅटिनमला चिकटून त्याचे काम अडवतो. म्हणूनच वाहनांच्या हायड्रोजनासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात त्याची मर्यादा दहा लाख भागांत 0.2 भाग इतकी कडक आहे. शुद्धीकरणाची वेगळी यंत्रणा, तिचा खर्च आणि तिला लागणारी ऊर्जा यांचा मजकुरात उल्लेखही नाही.

मिथेनॉलचे खरे बळ साठवणुकीत आहे, आणि नेमके तेच या मजकुरातून निसटले आहे. एक लिटर मिथेनॉलपासून, त्यासोबत लागणाऱ्या पाण्यातला वाटा धरून, जास्तीत जास्त सुमारे 148 ग्रॅम हायड्रोजन मिळू शकतो. उणे 253 अंशांवर ठेवलेल्या एक लिटर द्रव हायड्रोजनात तो केवळ 71 ग्रॅम असतो.