फोंड्याच्या वाचकाला उत्तर: एक इंची लाइन कुठे पुरते, कुठे नाही

नमस्कार. कंप्रेसरची दाबलेली हवा गनपर्यंत नेणाऱ्या पाइपलाइनवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की दीड इंची पाइप सुचवणं म्हणजे गिऱ्हाइकाला उगाच खर्चात पाडणं. गोव्यात फोंड्यातल्या तुमच्या गॅरेजमध्ये एक इंची जी.आय. (जस्त चढवलेल्या लोखंडाची) लाइन बारा वर्षं बिनतक्रार चालतेय. प्रेशर कमी पडलं तर कट-आउट (ज्या दाबाला कंप्रेसर आपोआप थांबतो तो आकडा) वाढवायचा, आणि पैसेच वाचवायचे तर पीव्हीसी काय वाईट, असंही तुम्ही विचारलंत.

आधी पीव्हीसीचं, कारण ते वाचून मला खरंच काळजी वाटली. कुठे तशी लाइन असेल तर आजच बंद करा. पाइपवर छापलेलं प्रेशर पाण्यासाठी असतं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून पाइप तडकला तर ते नुसतं वाहून जातं. हवा मात्र दाबलेल्या स्प्रिंगसारखी असते. पाइप फुटला की सगळी ताकद एका क्षणात सुटते आणि धारदार तुकडे उडतात. पत्र्याखालची उष्णता, ऊन आणि कंप्रेसरचं तेल यांनी पीव्हीसी ठिसूळ होत जातं, आणि बाहेरून ते कळत नाही. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने १९८८ मध्येच याबद्दल इशारा दिला होता.

आता साइझ. तुमचा अनुभव खरा आहे. पाच एचपीचा कंप्रेसर वीसेक सीएफएम (मिनिटाला वीसेक घनफूट) हवा देतो; लाइन छोटी आणि एका वेळी एक इम्पॅक्ट गन (नट खोलायची हवेची गन) असेल तर एक इंच भरपूर झाला. मी लिहिलं होतं ते कुंडईतल्या एका शेडबद्दल: पंचवीस एचपी स्क्रू कंप्रेसर, १०० सीएफएम, ८० मीटर लाइन. तिथे सात किलोला (चौरस सेंटिमीटरवर सात किलो दाबाला) एक इंची पाइपात हवा सेकंदाला दहा मीटरच्या वेगाने धावते आणि एल्बो-टी (पाइपाची वळणं आणि फाटे) धरून जवळजवळ अर्धा बार दाब (एक बार म्हणजे साधारण एक किलो) वाटेतच जातो. दीड इंचात तोच तोटा साधारण आठव्या हिश्शावर येतो, कारण तो व्यासाच्या पाचव्या घाताच्या हिशेबाने घटतो. हा हिशेब न देता मी फक्त ‘दीड इंच घ्या’ एवढंच लिहिलं, ही माझी चूक. लेखात आता सीएफएम आणि लांबी दोन्ही घातली आहेत.

कट-आउट वाढवण्याचं म्हणाल तर एक बार वाढवला की सुमारे सात टक्के वीज जास्त लागते, शिवाय प्रत्येक गळती आणखी जोरात गळते. सात किलोला तीन मिलिमीटरच्या भोकातून वीसेक सीएफएम हवा जाते. म्हणजे तुमचा अख्खा कंप्रेसर त्या एका भोकासाठी चालेल.

पण गोव्यात मला साइझपेक्षाही पाण्याची धास्ती जास्त वाटते. जुलैच्या दमट हवेत १०० सीएफएमचा कंप्रेसर तासाला साडेचार लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात आत ओढतो. ती हवा दाबून चाळीस अंशांपर्यंत गार केली की त्यातलं तीन-साडेतीन लिटर पाणी सुटतं. दहा तासांच्या पाळीत तीस लिटरहून जास्त! सुरुवातीच्या काळात डिचोलीतल्या एका पेंटच्या शेडमध्ये मी सगळे ड्रॉप (गनपर्यंत खाली येणारे फाटे) हेडरच्या, म्हणजे मुख्य आडव्या पाइपाच्या, खालून काढले होते, जिथे पाणी साचतं. चवथीच्या तोंडावर, कामाची सगळ्यात घाई असताना, गनमधून पाण्याचे थेंब येऊन रंगाला फोड आले. पॅनल घासून पुन्हा रंगवावे लागले, आणि त्या पेंटरचा पडलेला चेहरा मला अजून आठवतो.

तेव्हापासून प्रत्येक ड्रॉप हेडरच्या वरून काढतो आणि बगळ्याच्या मानेसारखा वळवून खाली आणतो. हेडरला हवेच्या दिशेने मीटरमागे एक सेंटिमीटर उतार देतो आणि शेवटी ड्रेन व्हॉल्व्ह. तुमच्या जी.आय. लाइनला बारा वर्षं झाली आहेत, तेव्हा आत गंजाचे पापुद्रे धरले असतील. शेवटच्या एफ.आर.एल.चा (फिल्टर, रेग्युलेटर आणि लुब्रिकेटरच्या संचाचा) फिल्टर एकदा उघडून बघा.

एक छोटी तपासणीही करा. एक गेज टाकीवर, एक शेवटच्या ड्रॉपवर लावा आणि सगळ्या गन एकदम चालू करा. फरक पाव बारच्या आत असेल तर तुमची लाइन उत्तम आहे, तिला हात लावू नका. जास्त निघाला तर लगेच पाइप बदलू नका; लाइनचं दुसरं टोक फिरवून हेडरच्या सुरुवातीला जोडून रिंग करता येते का ते आधी बघा. दोन्ही आकडे इथेच लिहा, मी हिशेब करून देतो.