कुतुबमिनार नेमका कोणाचा?

दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुतुबमिनारावरून जुंपते. एक गट म्हणतो, हा मुळात विष्णुस्तंभ. दुसरा म्हणतो, सगळं सुलतानांचं, विषय संपला. मी गप्प बसायचो. पण गेल्या डिसेंबरात दुर्बीण घेऊन तिथे अख्खी दुपार काढून आलोय, म्हणून आज लिहितोच.

एक तर हा मिनार एकट्याचा नाहीच. ११९९ च्या सुमारास कुतुबुद्दीन ऐबकाने काम काढलं. १२१० मध्ये लाहोरला चौगान (पोलोसारखा खेळ) खेळताना तो घोड्यावरून पडून मेला, तोवर जेमतेम पहिला मजला झाला होता. पुढचे मजले त्याच्या जावयाने, इल्तुतमिशने चढवले. १३६८ मध्ये वर वीज पडली. फिरोजशाह तुघलकाने मोडका मजला उतरवून तिथे दोन बांधले, म्हणून आज पाच दिसतात. त्याच्या कामात संगमरवर आहे, रंगावरूनच सांधा कळतो.

माझा जीव अडकला तो पन्हळींत, म्हणजे मिनाराच्या अंगावरच्या उभ्या पट्ट्यांत. पहिल्या मजल्यावर एक गोल, एक टोकदार, अशा आलटून पालटून. दुसऱ्यावर सगळ्या गोल, तिसऱ्यावर सगळ्या टोकदार. ऊन कललं की टोकदार पन्हळीची एक बाजू काळी पडते आणि इतका जाडजूड दगड घडी घातलेल्या कापडासारखा दिसायला लागतो. सज्जांखालची मधाच्या पोळ्यासारखी नक्षी तर दुर्बिणीतूनच बघावी.

विष्णुस्तंभवाल्यांनी अफगाणिस्तानातल्या जामच्या मिनाराचा फोटो बघावा. घोरी सुलतानांचा, १२ व्या शतकातला, ६५ मीटर उंच, विटांचा. ऐबक त्याच घोरींचा गुलाम. घराणं तिथलं आहे हो.

आणि 'देवळं पाडल्याच्या थापा आहेत' म्हणणाऱ्यांनी शेजारच्या मशिदीच्या पूर्व दारावरचा लेख वाचावा. २७ देवळांचं सामान वापरल्याचं बांधणाऱ्यांनीच अभिमानाने कोरून ठेवलंय. आतल्या खांबांवर साखळीला टांगलेल्या घंटा अजून आहेत. ते बघताना मलाही बरं वाटलं नाही, खोटं कशाला बोलू.

पण याच मशिदीची मोठी कमान नीट बघा. आकार कमानीचा, पण दगडावर दगड थोडा थोडा पुढे सरकवून रचलेला, म्हणजे देवळाच्या गवंड्याची रीत. पाचरीसारखे दगड बसवलेली खरी कमान पलीकडच्या अलाई दरवाज्यात दिसते, ती १३११ ची. इथल्या हातांना ते वळण पडायला शंभरएक वर्षं गेली.

फिरोजशाहाच्या दुरुस्तीचा एक नागरी लिपीतला लेखही मिनारावर आहे. संवत १४२६ (म्हणजे इसवी सन १३७० च्या सुमाराचा), 'श्री विश्वकर्मा प्रसादे रचितः'. सुलतानाचं काम, पैसा त्याचा, आणि कारागीर आभार मानतोय विश्वकर्म्याचे! त्यात नाना आणि साल्हा अशी नावंही येतात. आमच्या आजोबांना गावात नानाच म्हणायचे, त्यामुळे उगाच जवळचं वाटलं.

वर जाऊन तो बघायची सोय नाही. ४ डिसेंबर १९८१ ला आत अंधार झाला, जिन्यात चेंगराचेंगरी होऊन ४५ जण गेले, त्यात शाळेची मुलं बरीच होती. तेव्हापासून दार बंद. बाबा त्याआधी कॉलेजच्या सहलीत ३७९ पायऱ्या चढून आले होते आणि अजून ऐकवतात. मी खालून तासभर दुर्बीण लावून नाना-साल्हा शोधत होतो. सापडले ते चौथ्या मजल्याच्या खोबणीत बसलेले दोन पोपट.