अकरावी सायन्सच्या वर्गात नक्की काय असतं (आणि कॉलेजला का जायचं)

दहावीचा निकाल लागला की ओळखीपाळखीतले सगळे एकच विचारतात, मॅडम क्लास कुठला लावू? कॉलेज कुठलं हे कोणी विचारतच नाही, ते जवळचं कुठलंही चालतं म्हणे, फक्त हजेरीचं "ॲडजस्ट" होतं का तेवढं बघायचं. मी ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते, बरीच वर्षं झाली, आणि दर जूनला हे ऐकून जीव तुटतो म्हणून यंदा सविस्तर लिहितेय. पोस्ट लांब आहे पण ज्यांच्या घरातलं मूल अकरावीला जाणार आहे त्यांनी वेळ काढून वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे दहावीचं सायन्स आणि अकरावीचं सायन्स यात फार मोठी उडी आहे. दहावीला भाग १ आणि भाग २, ४०-४० मार्कांचे पेपर, स्वाध्याय नीट केले तर पोरं निभावून नेतात. अकरावीला फिजिक्सचेच १४ धडे, केमिस्ट्रीचे १६, मॅथ्सची दोन पुस्तकं, बायोलॉजी वेगळं, वर इंग्लिश वगैरे आहेच. आणि फिजिक्सच्या दुसऱ्याच धड्यात व्हेक्टर आणि कॅल्क्युलस येतं! मॅथ्सच्या पुस्तकात डिफरन्शिएशन, म्हणजे कॅल्क्युलसची सुरुवात, आहे दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटी, आणि इंटिग्रेशन तर थेट बारावीला. म्हणजे फिजिक्सचे सर सुरुवातीच्या महिन्यातच फळ्यावर डीएक्स बाय डीटी लिहितात तेव्हा समोरच्या जवळपास सगळ्यांनाच ते नवीन असतं, पण प्रत्येकाला वाटतं बाकीच्यांना येतंय, मलाच कळत नाहीये. मग पोरगं गप्प होतं, मागच्या बाकावर जातं, आणि घरी काहीच बोलत नाही. हे असं होणार आहे हे त्याला आधीच सांगून ठेवा प्लीज.

पहिल्या युनिट टेस्टला दहावीत ९२ टक्के मिळवलेल्या मुलांना २५ पैकी ८ पडलेले मी दरवर्षी बघते. घरात अगदी सुतक पडल्यासारखं होतं, आई-बाबा धावत येतात, मॅडम हिचं सायन्स काढून कॉमर्सला टाकू का म्हणून. अहो थांबा जरा. दिवाळीपर्यंत थांबा. केमिस्ट्रीतला मोल कन्सेप्ट पहिल्या झटक्यात समजणारी पोरं मी फार कमी पाहिलीत, पण तीच पोरं जानेवारीत दुसऱ्याला समजावून सांगत असतात. मराठी माध्यमातून आलेल्यांना तर विषय आणि इंग्रजी दोन्ही एकदम अंगावर येतात, त्यांना अजून महिनाभर जास्त लागतो, आणि तो द्यायला हवा. ती पोरं कशात कमी नाहीत, उलट एकदा रुळली की त्यांच्यासारखा प्रश्न कोणी विचारत नाही. शिक्षकांनीही वर्गात मराठीतून समजावलं तर काही बिघडत नाही, मी तर समजावतेच.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते प्रॅक्टिकल. प्रत्येक सायन्स विषयाला बोर्डाचे ७० मार्क लेखी आणि ३० प्रॅक्टिकलचे, मॅथ्सला तेवढे ८०-२०. सगळ्यांना वाटतं ३० मधले मार्क तर मिळतातच, मग कशाला जायचं. मार्क मिळतात हो, पण सायन्स तिथेच कळतं ना!

एक साधं टायट्रेशन (एक द्रावण दुसऱ्यात थेंबथेंब सोडून प्रमाण मोजायचं) सांगते, बारावीचं, पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिड. खाली कॉनिकल फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड, त्यात डायल्यूट सल्फ्युरिक ॲसिड घालून साठ-सत्तर डिग्रीपर्यंत गरम करायचं, वर ब्युरेटमध्ये (खुणा असलेली, तोटीची उभी काचनळी) गडद जांभळं परमँगनेट. द्रावण इतकं गडद असतं की खालचा मेनिस्कस, म्हणजे द्रावणाच्या पृष्ठभागाची खोलगट कड, दिसतच नाही, म्हणून इथे रीडिंग वरच्या कडेचं घ्यायचं, हे पुस्तकात वाचून कोणाच्या लक्षात राहत नाही, एकदा ब्युरेटला डोळा लावला की जन्मभर राहतं. पहिले थेंब पडतात आणि रंग जातच नाही, पोरं घाबरतात, मॅडम चुकलं वाटतं. जरा हलवत राहा म्हणते मी. हळूहळू रंग जातो, आणि मग पुढचे थेंब पडल्या पडल्या गायब व्हायला लागतात. असं का? कारण रिॲक्शनमध्ये तयार होणारे मँगनीजचे आयन स्वतःच रिॲक्शनचा वेग वाढवतात. मागे एका मुलीने न सांगता विचारलं होतं, मॅडम आधी हळू आणि नंतर फास्ट कसं काय, नंतर तर ॲसिड कमी होतं ना, मग उलट हळू व्हायला पाहिजे? इतका सुंदर प्रश्न! त्या दिवशी अख्ख्या बॅचला ऑटोकॅटॅलिसिस, म्हणजे रिॲक्शनने स्वतःचाच वेग वाढवणं, शिकवावं लागलंच नाही, ते त्यांच्या हातातच होतं. शेवटी एक थेंब असा पडतो की फिकट गुलाबी रंग टिकतो, तिथे थांबायचं. शेवट रंगाने दाखवणारा वेगळा इंडिकेटर लागत नाही.

हेच ज्याने केलं नाही तो सीनियरच्या जर्नलमधून ९.८, ९.८, ९.८ अशी ब्युरेटची रीडिंग उतरवतो आणि सही घेऊन जातो. त्याला व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) विचारा, गरम का केलं होतं? जमिनीकडे बघतो बिचारा. बिचाराच, कारण त्याला कोणी लॅबमध्ये पाठवलंच नाही.

आणि हे का होतं तर इंटिग्रेटेड, म्हणजे क्लास आणि कॉलेजचं साटंलोटं. कॉलेजचं नाव फक्त हॉल तिकिटावर, पोरगं सकाळपासून रात्रीपर्यंत क्लासच्या बिल्डिंगमध्ये, आणि बोर्डाच्या तोंडावर दोन-चार दिवसांत सगळी प्रॅक्टिकल "उरकायची". ७५ टक्के हजेरीचा नियम आहे, २०१८ साली सरकारने सायन्सच्या मुलांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेशही काढला होता, तरी सर्रास चालू आहे. लाखांत फी भरणारे पालक मला म्हणतात की तिथे फोकस राहतो. सोळा वर्षांच्या मुलाला दिवसभर एमसीक्यूच (पर्यायांतून उत्तर निवडायचे प्रश्न) सोडवायला लावणं याला मी फोकस म्हणणार नाही. क्लासला माझा विरोध नाही हं, गरज असेल तर जरूर लावा, संध्याकाळचा लावा, पण कॉलेजच्या जागी क्लास नको.

दुसरं एक खूळ म्हणजे अकरावी हे रेस्ट ईयर. मेडिकलच्या नीट परीक्षेचा अभ्यासक्रम अकरावी आणि बारावी दोन्हीचा, इंजिनियरिंगच्या जेईईचाही. आपल्या राज्याच्या प्रवेश परीक्षेला, सीईटीला, अकरावीचं वेटेज २० टक्के आहे म्हणून लोक सोडून देतात, पण अकरावीचं केमिकल बाँडिंग कच्चं असेल तर बारावीचं कोऑर्डिनेशन कंपाउंड कोणत्या पायावर शिकवायचं मी? आणि सायन्स म्हणजे फक्त डॉक्टर-इंजिनियर नाही, पुण्यात पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधनाची संस्था आहे, त्याची वेगळी परीक्षा असते, मुंबईत मानखुर्दला होमी भाभा सेंटर आहे जे विज्ञानाच्या ऑलिंपियाड स्पर्धांचं काम बघतं. ही नावं अकरावीतच मुलांच्या कानावर पडायला पाहिजेत, आणि ती वर्गातच पडतात.

विषयांचं म्हणाल तर मॅथ्स आणि बायोलॉजी दोन्ही झेपत असेल तर पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी) ठेवा, निदान अकरावीला मॅथ्स सोडायची घाई करू नका. आयटी (कॉम्प्युटरचा विषय) याला मार्क पडतात म्हणून पोरं घेतात, घेऊ देत, त्यात वाईट काही नाही.

कॉलेजं सगळी चांगली आहेत असं माझं म्हणणं नाही. कितीतरी ठिकाणी शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, तासावर येणारे शिक्षक तुटपुंज्या पैशात चार कॉलेजं फिरतात, लॅबला अटेंडंट नाही, गॅसची लाइन बंद. हे बदलायला पालकांनीच बोललं पाहिजे, पण पालकच म्हणतात की आम्हाला कॉलेज नकोच आहे, मग संस्थेला लॅबवर खर्च करायची गरज काय वाटणार? वर्ग रिकामे आहेत म्हणून शिकवत नाहीत आणि शिकवत नाहीत म्हणून वर्ग रिकामे, यात भरडली जातात ती क्लासची फी न परवडणारी पोरं. तीच पोरं रोज पहिल्या तासाला वेळेवर बसलेली असतात. त्यांच्यासाठी तरी वर्ग भरलेला हवा.

प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन आहेत, २०२५ पासून, दहा पसंतीक्रम देता येतात, आणि पहिल्या पसंतीचं लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून फक्त कटऑफ बघून पहिला नंबर टाकू नका. आधी मुलाला घेऊन कॉलेजात जा, लॅब दाखवा म्हणा. बेसिनला पाणी आहे का, ब्युरेट स्टँडला लावलेले आहेत का कपाटात धूळ खातायत ते बघा, आणि ऑफिसात विचारा की अकरावीची प्रॅक्टिकलची बॅच आठवड्यात कुठल्या दिवशी असते. जिथे वार आणि वेळ लगेच सांगतात ते कॉलेज यादीत वर घ्या.